पार्श्वभूमी : टेक-ऑफला इंजिन बंद पडले तर वळायचे की सरळ उतरायचे?

इंजिन गेले तर समोर मिळेल त्या जागेत उतरा, धावपट्टीकडे वळू नका, हा धडा पहिल्या महायुद्धातल्या शिकाऊ वैमानिकांपासून चालत आला आहे. कमी उंचीवर मागे वळताना विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, गिरक्या घेत कोसळे. पुढे इंजिनाला ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो आले, इंजिने भरवशाची झाली, पण नियम तोच राहिला.

गुंता वाढवला तो मागे वळण्याला मिळालेल्या ‘अशक्य वळण’ या नावाने. ऐकणाऱ्याला वाटते, 180 अंश वळले की झाले. पण तेवढे वळून विमान धावपट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला येते. 70 नॉट (ताशी सुमारे 130 किमी) वेगाने 20 अंश कलून वळले तर सुमारे 700 मीटर बाजूला, 45 अंश कलले तर साधारण 260 मीटर. रेषेत यायला आणखी वळावे लागते आणि उंची तर घटतच असते. जास्त कलावे, तर 45 अंशांना स्टॉलचा वेग 19 टक्क्यांनी वाढतो. वळायला लागण्याआधीचे तीन-चार सेकंद काय घडले हे उमगण्यातच जातात. तेवढ्यात नाक खाली घेतले नाही तर वेग संपतो आणि वळण्याचा प्रश्नच उरत नाही.

2018 मध्ये अमेरिकी हवाई वाहतूक नियामकाने प्रशिक्षकांना सांगितले, की मागे वळणे केव्हा आणि कसे सुरक्षित ठरते हे विद्यार्थ्यांना करून दाखवा. उंची, ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगत जाणे) आणि कौशल्य पुरणार नसेल तर वळू नये हेही शिकवा. काहींना ही धोकादायक सूट वाटली. मला निर्णय योग्यच वाटतो. नुसत्या ‘नको’पेक्षा आकडा बरा. आपल्या विमानाला वळायला किती उंची लागते, हे वर सुरक्षित उंचीवर मोजावे, त्यात भर घालावी आणि टेक-ऑफसाठी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे करण्याआधी तो आकडा मोठ्याने म्हणावा.

मात्र दुसरीकडचा आकडा कोल्हापुरात चालत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ 1939 चा, संस्थानकाळातला, समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर. 35 अंश सेल्सिअसच्या दुपारी विमानाला तिथली हवा जवळपास 4900 फुटांवरच्यासारखी विरळ लागते. चढ मंदावतो, आणि ठरलेली उंची गाठेपर्यंत धावपट्टी बरीच मागे पडलेली असते. अलीकडे ती लांबवल्याने, इंजिन लवकर गेले तर लहान विमानाला पुढे धावपट्टीच शिल्लक असते, हा मोठा आधार. त्यापलीकडे महामार्ग, गोकुळ शिरगावचे कारखाने आणि ऊस. जानेवारीत तोड होऊन मोकळे झालेले रान ऑगस्टमध्ये पुरुषभर उसाने भरते, त्यामुळे ‘समोरची जागा’ दर महिन्याला नव्याने पाहून ठेवावी लागते.