पन्नास लाख डॉलरचे लग्न : एका अनपेक्षित यशाची पार्श्वभूमी

१९ एप्रिल २००२ रोजी अमेरिकेतील १०८ चित्रपटगृहांत ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ नावाचा एक विनोदी प्रेमपट प्रदर्शित झाला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने जेमतेम सहा लाख डॉलर जमवले. दोनच आठवड्यांनी आलेल्या ‘स्पायडर-मॅन’ने तेवढ्याच अवधीत अकरा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता. हा ग्रीक लग्नाचा चित्रपट मात्र उतरला नाही. तो आठवड्यामागून आठवडे चालत राहिला, सप्टेंबरच्या सुमारास ऐन भरात आला आणि अखेरीस केवळ उत्तर अमेरिकेत त्याची कमाई २४ कोटी डॉलरच्या पुढे, तर जगभरात ३६ कोटींच्या पुढे गेली. निर्मितीचा खर्च पन्नास लाख डॉलरच्या आसपास होता. विशेष म्हणजे एवढ्या प्रवासात तो कमाईच्या साप्ताहिक यादीत एकदाही पहिल्या क्रमांकावर आला नाही.

या यशाचे वर्णन तेव्हा चमत्कार म्हणून केले गेले आणि आजही केले जाते. चित्रपटामागचा इतिहास पाहिला, तर चमत्काराचा भाग बराच कमी होतो. चुकला होता तो व्यवसायाचा हिशेब, आणि तो कुठे चुकला हे समजण्यासाठी कथानक, त्याची लेखिका, ती ज्या समाजातून आली तो समाज आणि प्रदर्शनाची पद्धत या चारही गोष्टींच्या थोडे मागे जावे लागते.

लेखिका आणि नायिका निया वार्डालोस यांचा जन्म १९६२ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे एका ग्रीक कुटुंबात झाला. टोरंटोच्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेत त्या आधी तिकीटखिडकीवर काम करत होत्या. तिथून त्या रंगमंचावर आणि पुढे संस्थेच्या शिकागो शाखेत गेल्या. या संस्थेतील कलावंत लिखित संहितेपेक्षा प्रसंगातून, आयत्या वेळी सुचणाऱ्या संवादातून विनोद घडवतात, आणि एकाच नटाने एका प्रयोगात अनेक माणसे उभी करणे ही तिथली रोजची तालीम असते. लॉस एंजलिसला आल्यावर कामे मिळेनात, तेव्हा वार्डालोस यांनी आपल्या घरातली माणसेच रंगमंचावर आणली. आई, वडील, आजी, भावंडांचा गोतावळा, आणि ग्रीक नसलेला तरुण जावई म्हणून घरात आल्यावर उडालेली धांदल, असा हा एकपात्री प्रयोग होता. त्याला आधार होता त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा. अभिनेते इयन गोमेझ यांनी त्यांच्याशी विवाह करण्यापूर्वी ग्रीक ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाची दीक्षा घेतली होती. (चित्रपटात गोमेझ आहेत, पण नवरदेवाच्या मित्राच्या भूमिकेत.)

१९९७ मध्ये लॉस एंजलिसमधील एका लहान नाट्यगृहात हा प्रयोग चालू असताना अभिनेत्री रिटा विल्सन यांनी तो पाहिला. विल्सन यांची आई ग्रीक, आणि त्यांच्याशी १९८८ मध्ये विवाह करताना टॉम हँक्स यांनीही ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारलेला. म्हणजे ज्या घरात ही गोष्ट गेली, ते घर ती आधीच जगलेले होते. विल्सन यांच्या आग्रहाने हँक्स यांनी प्रयोग पाहिला आणि पुढे त्यांच्या ‘प्लेटोन’ या संस्थेने चित्रपट करण्याचे ठरवले. या योगायोगाला नशीब म्हणायला हरकत नाही, परंतु त्याआधी काही स्टुडिओंशी जी बोलणी झाली ती अधिक बोलकी आहेत. त्यांना कथा आवडत होती, पण कुटुंब ग्रीक नको होते. ते इटालियन किंवा लॅटिन अमेरिकी करावे आणि नायिकेच्या भूमिकेत एखादी नावाजलेली अभिनेत्री घ्यावी, असे सुचवले जात होते. वार्डालोस यांनी दोन्ही अटी नाकारल्या. स्टुडिओंचे गणित वरवर बिनचूक होते, कारण अमेरिकेतील ग्रीक वंशाच्या लोकांची संख्या इटालियन वा लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकसंख्येच्या तुलनेत अगदीच तुटपुंजी आहे. प्रेक्षक आपल्या जातकुळीचे लोक पाहायला येतात, हे गृहीतक त्यामागे होते.

हा समाज अमेरिकेत कसा आला हेही पाहिले पाहिजे, कारण मुलीने ग्रीकाशीच लग्न करावे हा चित्रपटातील वडील गस पोर्टोकालोस यांचा हट्ट त्याशिवाय केवळ विक्षिप्तपणा वाटतो. १८९० ते १९२४ या काळात सुमारे चार लाख ग्रीक अमेरिकेत उतरले. त्यांत बहुसंख्य तरुण पुरुष होते, आणि रेल्वेमार्ग, खाणी व कारखाने यांत काम करून पैसा जमवायचा आणि गावी परतायचे हा त्यांतील अनेकांचा बेत होता. त्यांचे स्वागत गोडीगुलाबीने झाले नाही. फेब्रुवारी १९०९ मध्ये नेब्रास्का राज्यातील साउथ ओमाहा येथे जमावाने ग्रीकांची वस्ती जाळली आणि तेथील रहिवाशांना शहर सोडावे लागले. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने तर ग्रीससाठी वर्षाला केवळ १०० जणांचा कोटा ठरवला, जो काही वर्षांनी ३०७ झाला. दारे खरी उघडली ती १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटे रद्द केल्यावर. त्यानंतर आलेल्या कुटुंबांनी उपाहारगृहे, मिठाईची दुकाने असे घरच्या माणसांच्या बळावर चालणारे धंदे वाढवले किंवा नव्याने काढले.

शिकागोमध्ये, जिथे हे कथानक घडते, हॅल्स्टेड रस्त्याजवळची जुनी ग्रीक वस्ती साठच्या दशकात विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी मोडली गेली. घरे पांगली, काही उपाहारगृहे थोडी उत्तरेला सरकून टिकली, आणि ‘ग्रीकटाउन’ हे राहण्याच्या जागेपेक्षा जेवायला जाण्याचे ठिकाण बनले. चित्रपटातील कुटुंब उपनगरात राहते, घरापुढे ग्रीक मंदिराचे खांब उभारते, गॅरेजच्या दारावर ग्रीसचा झेंडा रंगवते आणि सगळे मिळून उपाहारगृह चालवते. वस्ती हरवल्यावर एकट्या घरानेच वस्तीचे काम करायचे ठरवले तर ते असे दिसते. मुलगी घराच्या धंद्यातून बाहेर पडून संगणक शिकते, प्रवास कंपनीत बसते आणि तिथे एका परक्या तरुणाच्या प्रेमात पडते, यावर घर हादरते ते याच कारणाने. कामगार, राखणदार आणि पुढच्या पिढीची आई या तिन्ही जागा एकदम रिकाम्या होण्याची भीती त्यात आहे.

परक्या घराशी सोयरीक हा विषय अमेरिकी रंगभूमीला नवा नव्हता. या चित्रपटाच्या बरोबर ऐंशी वर्षे आधी, १९२२ मध्ये, अ‍ॅन निकोल्स यांचे ‘एबीज आयरिश रोज’ हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले होते. ज्यू मुलगा, आयरिश कॅथलिक मुलगी, दोन तापट बाप, आणि शेवटी सगळे एकत्र, असे ते प्रहसन होते. समीक्षकांनी त्याची यथेच्छ टर उडवली आणि लोकांनी ते पाच वर्षांहून अधिक काळ, २,३२७ प्रयोग चालवले. तेव्हाही यशाचा उलगडा होत नाही म्हणून जाणकार चक्रावले होते. दोन्ही कृतींमधला फरक मात्र महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशा कथांमध्ये दोन्ही घरे आपापला हट्ट सोडून अमेरिकी होतात. १९७० च्या दशकात वारे फिरले होते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीनंतर युरोपीय वंशाच्या लोकांनाही आपले मूळ मिरवावेसे वाटू लागले, आणि आजोबांनी लपवलेली भाषा व सणवार नातवंडांनी शोधून काढले. या वळणानंतर लिहिलेल्या ग्रीक लग्नाच्या कथेत बदलतो तो नवरदेव इयन मिलर. त्याचे आईवडील श्रीमंत, सभ्य आणि मितभाषी आहेत, त्यांच्या घरी नातेवाइकांची गर्दी नाही. तोच लहान मुलांच्या प्लास्टिकच्या तलावात उभा राहून बाप्तिस्मा घेतो, सासरा लग्नात शेजारचेच घर भेट देतो, आणि तो जवळजवळ घरजावईच होतो. शेवटी या दोघांची मुलगी ग्रीक शाळेत निघते. ही सांस्कृतिक उलथापालथ इतक्या हसतखेळत येते, की ती उलथापालथ आहे हे कित्येक परीक्षणांच्या लक्षातच आले नाही. काहींना हा चित्रपट दूरचित्रवाणीवरच्या कौटुंबिक मालिकेसारखा वाटला. ते खोटे नव्हते, कारण दिग्दर्शक जोएल झ्विक यांची उमेदच अशा मालिकांत गेली होती. कमी दिवसांत, कमी पैशांत, खोलीभर माणसांचा विनोद वेळेवर पाडण्याचे कसब त्यांच्याकडे होते, आणि पन्नास लाखांत उरकायच्या चित्रपटाला तेच हवे होते. चित्रीकरणही खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी बरेचसे टोरंटोत झाले.

सर्वाधिक महत्त्व मात्र मी प्रदर्शनाच्या पद्धतीला देईन. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हॉलिवूडचे मोठे चित्रपट एकाच दिवशी शेकडो, पुढे हजारो पडद्यांवर लावून पहिल्याच आठवड्यात गल्ला भरण्याची रीत पडली होती. त्यासाठी दूरचित्रवाणीवर प्रचंड जाहिरात लागते आणि चित्रपट कसा आहे हे लोकांनी एकमेकांना सांगण्याआधीच तिकिटे विकली जातात. तिथे तरुण प्रेक्षकाला किंमत असते, कारण पहिल्या रात्री रांग लावतो तो तोच. चाळिशीपुढच्या स्त्रिया, वयस्क जोडपी, तीन पिढ्यांची कुटुंबे ही मंडळी सवडीने, कोणीतरी सांगितल्यावर येतात, आणि तोवर चित्रपट उतरलेला असतो. त्यामुळे ती चित्रपट पाहत नाहीत असा निष्कर्ष काढला जातो.

‘आयएफसी फिल्म्स’ या वितरकाकडे हजारो प्रती काढण्याचे आणि राष्ट्रीय जाहिरातींचे बळ नव्हते, म्हणून त्यांना जुनी पद्धत वापरावी लागली. मोजकी शहरे, मोजके पडदे, आणि मागणी दिसेल तिथे वाढ. पहिला आधार ग्रीक समाजाचा घेतला गेला. चर्च, मंडळे आणि समाजाची वृत्तपत्रे यांच्यामार्फत बातमी पोहोचवली गेली, आणि ज्या संख्येला स्टुडिओंनी तुटपुंजी म्हटले होते ती सुरुवातीचे काही आठवडे पडदा टिकवायला पुरली. लहान समाजाचा हाच फायदा असतो. तो विखुरलेला असला तरी बांधलेला असतो, आणि लग्नाच्या आमंत्रणासारखी बातमी त्यात एका घरातून दुसऱ्या घरात जाते. पुढे इटालियन, ज्यू, लेबनीज, भारतीय अशा अनेक घरांतल्या लोकांनी आपापली आई आणि आत्या त्यात ओळखली. तोवर चित्रपट उपलब्ध होता ही गोष्ट गुणवत्तेइतकीच निर्णायक ठरली.

चित्रपटगृहांचा स्वार्थही यात होता. अमेरिकेत त्या काळी तिकिटाच्या पैशाची वाटणी सहसा उतरत्या दराने होई. पहिल्या आठवड्यांत मोठा वाटा वितरकाचा, आणि आठवडे उलटतील तसा चित्रपटगृहाचा हिस्सा वाढत जाई. पहिल्याच आठवड्यात ओसरणाऱ्या चित्रपटांच्या उन्हाळ्यात, महिनोन्‌महिने तेवढीच गर्दी ओढणारा चित्रपट मालकांना सोन्यासारखा वाटला. पडदे वाढत वाढत दोन हजारांवर गेले आणि चित्रपट जवळजवळ वर्षभर कुठे ना कुठे चालू राहिला.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी लोकांना कुटुंबाची ऊब हवी होती म्हणून हा चित्रपट चालला, असेही स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. त्या वातावरणाचा काही परिणाम झाला असेल, पण त्याच ऊबेवर त्या वर्षी इतरही चित्रपट उतरले आणि बुडाले, तेव्हा या तर्कावर फार भार टाकू नये.

यशानंतर जे घडले त्यातून व्यवसायाने काय धडा घेतला हे दिसते. वार्डालोस यांना सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो अल्मोदोवार यांना गेला. २००३ मध्ये सीबीएस वाहिनीने याच कुटुंबावर मालिका काढली. नायकाच्या भूमिकेतील जॉन कॉर्बेट तिच्यात नव्हते, पात्रांची नावे बदललेली होती, आणि ती सात भागांत आटोपली. २००७ मध्ये वार्डालोस आणि हँक्स यांच्यासह काही भागीदारांनी ‘गोल्ड सर्कल’ या निर्मितिसंस्थेविरुद्ध नफ्यातील वाट्यासाठी दावा लावला. अशा प्रसंगी कळते की गल्ला आणि नफा यांच्यामध्ये हॉलिवूडची हिशेबवही असते.

दुसरा भाग यायला चौदा वर्षे लागली. २०१६ मध्ये तो ‘युनिव्हर्सल’सारख्या मोठ्या कंपनीने, पहिल्याच दिवशी तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत, भरपूर जाहिरातीसह लावला. पहिल्या तीन दिवसांत त्याने पावणेदोन कोटी डॉलरहून अधिक मिळवले, म्हणजे मूळ चित्रपटाच्या जवळजवळ तीसपट. उत्तर अमेरिकेतील त्याची एकूण कमाई सहा कोटींच्या आसपास थांबली.