इंजिनचा आवाज, ऑइल प्रेशर आणि धूर यावरून बिघाड ओळखणं

इंजिन न खोलता नुसता आवाज, ऑइलचं प्रेशर आणि सायलेन्सरचा धूर बघून आत काय बिघडलंय ते शोधायची ही गॅरेजमधली पद्धत. कोल्हापुरात हिची गरज जरा जास्तच आहे, कारण शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग अशी झिजलेले सिलिंडर आणि क्रँक नीट करायची कामं सगळी हाताशी, शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्या, त्यामुळं इंजिन उतरवायला कुणी फारसा विचार करत नाही, आणि जे काम टॅपेट सेटिंगवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट नीट करण्यावर) भागलं असतं तिथं हाफ इंजिनचा (इंजिन खोलून अर्धं नवं करायचा) खर्च बसतो. आधी ऐकायचं, मग मोजायचं, खोलायचं सगळ्यात शेवटी.

ऐकायला स्टेथोस्कोप नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर चालतो, टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या हाडाला, फक्त फॅन-बेल्टपासून लांब राहा. वरून हेडमधून बारीक टिकटिक येत असेल तर बहुतेक टॅपेट. गार इंजिनला खडखड आणि गरम झाल्यावर बंद, तर पिस्टन सिलिंडरमध्ये ढिला झालाय. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं) गॅस्केट लीक असलं तरी गार असताना अगदी टॅपेटसारखाच आवाज येतो आणि धातू तापून फुगला की कमी होतो, इथं भलेभले फसतात. खालून जड ठोका येत असेल, रेस सोडताना जास्त, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, मग गाडी ओढतच न्यावी. एकेक सिलिंडर बंद करून बघितला की ज्याला ठोका कमी होतो तो सापडतो. जुन्या डिझेलला यासाठी इंजेक्टर पाइपचे नट ढिले करायचे, कॉमन रेल गाडीला (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून डिझेल देणाऱ्या) हे कधीच करू नका, तिथं प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, डिझेलची धार कातडीत घुसते.

ऑइलची लाल लाइट विझली म्हणजे प्रेशर चांगलं असं अजिबात नाही. ऑइल प्रेशरचा स्विच साधारण अर्धा बार किंवा त्याहून कमीलाच लाइट लावतो. स्विच काढून तिथं मेकॅनिकल गेज लावायचं आणि इंजिन पूर्ण गरम करून वाचायचं, दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ अंदाज, खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. कमी आलं तरी लगेच बेअरिंगला दोष नको, आधी डिपस्टिक, मग ऑइल पातळ झालंय का (डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये ती काजळी जाळायचं काम, म्हणजे रिजनरेशन, अर्धवट राहिलं की ऑइलमध्ये डिझेल उतरतं), मग चेंबरची (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी, जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, पंप. जाड ऑइल ओतून लाइट घालवणं म्हणजे निव्वळ फसवणूक, गाडी विकणारे हेच करतात.

धुरासाठी घाट बरा. गगनबावड्याचा करूळ घाट गिअरवर उतरून खाली ॲक्सिलरेटर दिला आणि निळा धूर आला, म्हणजे ऑइल जळतंय, तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड, चढताना सतत निळा तर पिस्टनच्या रिंगा, टर्बो असेल तर तोही तपासा. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टरपासून सुरू करा. थंडीत सकाळी पांढरी वाफ आणि पाइपमधून पाणी टपकणं नॉर्मल, पण गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वास आणि कूलंट घटतंय तर हेड गॅस्केट.

धूर नाही, आवाज नाही, तरी गाडी चढाला ओढत नसेल तर कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) चोक झालाय का बघा, पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथं गेज लावलं की बॅक प्रेशर कळतं. आणि एक्झॉस्टचा वास केबिनमध्ये येत असेल तर बाकी सगळं सोडून तेवढं आधी करा, त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.