छिद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा

मुंबईतील जुन्या इमारतींचे काळे चिरे जवळून पाहिले, तर काहींवर वाटाण्याएवढी भोके दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती खूण. अशा खडकात तेल भरपूर मावेल असे वाटणे साहजिक आहे; परंतु ही भोके सहसा एकमेकांना जोडलेली नसतात आणि त्यांतील कित्येक झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेली असतात. असंख्य खोल्या असूनही एकीलाही दार नसलेल्या चाळीसारखा हा खडक असतो.

‘तेलविहीर’ या शब्दामुळे जमिनीखाली तेलाचे तळे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत असते, म्हणून खडक पारखताना छिद्रांचे प्रमाण, म्हणजे सच्छिद्रता, आणि त्यांतून द्रव वाहण्याची सोय, म्हणजे पार्यता, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. एकसारखे गोल कण रचले, तर रचनेनुसार सुमारे २६ ते ४८ टक्के जागा रिकामी राहते, मग ते कण मोहरीएवढे असोत वा लिंबाएवढे. पार्यतेचे तसे नाही. कण बारीक झाले की वाटा अरुंद होतात आणि प्रवाह झपाट्याने मंदावतो. म्हणूनच शेलसारखा चिकणमातीचा खडक छिद्रे असूनही तेल अडवून धरणारे झाकण ठरतो. पार्यतेचे एकक ‘डार्सी’ हे ज्यांच्या नावावरून पडले, त्या आंरी डार्सी यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग तेलाचे नव्हते, तर वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचे होते.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात असलेल्या ‘मुंबई हाय’ क्षेत्रात ‘सागर सम्राट’ या फिरत्या फलाटावरून केलेल्या खोदाईत १९७४ मध्ये तेल सापडले. तेथील मुख्य साठा मायोसीन या भूवैज्ञानिक काळातील चुनखडकात आहे. चुनखडक पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याची छिद्रे आणि वाटा ठिकठिकाणी वेगळ्या असतात. त्यातच त्याच्या थरांमध्ये शेलचे पातळ पापुद्रे आहेत. एका विहिरीवरून शेजारच्या विहिरीचा अंदाज बांधणे येथे धोक्याचे असते.

ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणातून थरांचा आकार कळतो, आतला माल कळत नाही. त्यासाठी विहिरीत उपकरणे सोडून गॅमा किरण, घनता आणि विद्युत रोध यांची नोंद घेतात, तिला लॉग म्हणतात. खारे पाणी वीज वाहून नेते, तेल नेत नाही. या साध्या फरकावरून छिद्रांत पाणी किती आणि तेल किती, हे काढण्याचे सूत्र गस आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडले. मात्र चिकणमातीही वीज वाहून नेते, त्यामुळे माती मिसळलेला तेलाचा थर पाण्याचा भासू शकतो. माझ्या मते लॉग वाचणाऱ्याचा खरा कस इथेच लागतो. शंका राहिली, तर खडकाचा अखंड दंडगोल नमुना वर काढून प्रयोगशाळेत तपासतात, आणि थरातून द्रव प्रत्यक्ष वाहू देऊन पाहतात.

मुंबई हायमध्ये चुनखडकाच्याही खाली, तळच्या कठीण खडकात काही ठिकाणी तेल मिळाले आहे. तेथे भोकांना महत्त्व नाही. खडकाला गेलेल्या भेगाच तेल साठवतात आणि वाटही देतात. त्यामुळे विहिरीच्या भिंतीच्या प्रतिमा घेऊन भेगांची दिशा आणि दाटी पाहावी लागते, आणि भेग खनिजाने बुजलेली आहे की अजून उघडी आहे, हेही.