दत्तक आलेल्या मुलाचा पहिला सण आणि त्यामागची सत्तर वर्षं

परदेशातून मूल दत्तक घेतलेल्या आईबाबांना आजकाल जवळपास प्रत्येक समुपदेशक सांगतो की पहिला सण छोटा ठेवा. माणसं मोजकीच बोलवा, गिफ्ट एक-दोनच द्या, झोपायच्या-जेवायच्या वेळा हलवू नका आणि मूल कोणाजवळ जात नसेल तर बळेबळे पाठवू नका. आजी-आजोबांना हे ऐकून वाईट वाटतं आणि ते साहजिकच आहे, कागदपत्रांच्या मागे वर्षानुवर्षं काढून एकदाचा नातू घरी आला आणि आता म्हणे गाजावाजा करायचा नाही. पण हा सल्ला कोणी सहज सुचला म्हणून देत नाहीये, एवढी साधी गोष्ट कळायला सत्तर वर्षं गेली आणि त्या सत्तर वर्षांत बऱ्याच मुलांनी बरंच सोसलं.

सुरुवात साधारण कोरियापासून धरतात. 1953 ला कोरियन युद्ध थांबलं तेव्हा देशभर अनाथ मुलं होती, आणि विदेशी सैनिकांपासून झालेली मुलं होती ज्यांना तिथला समाज आपलं म्हणायला तयार नव्हता. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये हॅरी आणि बर्था होल्ट नावाचं शेतकरी जोडपं होतं, स्वतःची सहा मुलं असलेलं, त्यांनी आणखी आठ कोरियन मुलं घ्यायचं ठरवलं, पण तेव्हाच्या नियमात इतकी मुलं बसत नव्हती म्हणून 1955 मध्ये अमेरिकन संसदेने त्यांच्यासाठी खास कायदा केला. त्या ऑक्टोबरमध्ये हॅरी 12 मुलं घेऊन उतरले, आठ स्वतःची आणि चार इतर घरांसाठी. पुढे अख्खी विमानं भाड्याने घेऊन मुलं आणली गेली आणि कित्येक आईबाबांनी आपलं मूल पहिल्यांदा पाहिलं ते थेट विमानतळावर, कारण दत्तकविधान त्यांच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी कोरियात उरकलेलं असायचं.

ती माणसं वाईट नव्हती, मनापासून करत होती. पण त्या काळची समजूत अशी होती की मूल म्हणजे कोरी पाटी, विमानातून उतरलं की आयुष्य पहिल्यापासून सुरू. नाव नवीन, भाषा नवीन, आधीचं काही विचारायचं नाही. मग नाताळ आला की घर भरायचं, मुलाला नवे कपडे घालून मध्ये उभं करायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, किती नशीबवान आहेस! त्या पिढीतली कोरियन मुलं मोठी होऊन बोलायला लागली तेव्हा हाच मुद्दा पुन्हा पुन्हा आला, आम्हाला सतत आनंदी आणि कृतज्ञ दिसावं लागायचं, आणि सणाच्या दिवशी तर जास्तच.

खरं तर माहिती तेव्हाही होती. मानसोपचारतज्ज्ञ रेने स्पिट्झ यांनी 1940 च्या दशकातच दाखवलं होतं की संस्थेत वाढणारी बाळं नुसत्या दूध आणि स्वच्छतेवर नीट वाढत नाहीत, आणि ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल 1951 चा आहे, म्हणजे होल्टंच्या विमानाच्या आधीचा. पण ते सगळं तज्ज्ञांच्या कपाटात राहिलं, घरापर्यंत आलंच नाही.

ते आलं रोमानियामुळे. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी आणली, कुटुंबांना न पेलणारी मुलं सरकारी अनाथालयांत जायला लागली आणि डिसेंबर 1989 मध्ये त्याची राजवट पडली तेव्हा तिथे लाखाच्या वर मुलं होती. टीव्हीवर ती दृश्यं पाहून लोक अक्षरशः विमान पकडून गेले आणि पुढच्या दीड वर्षात साधारण दहा हजार मुलं देशाबाहेर दत्तक गेली. यावेळी मात्र संशोधक मागे लागले. ब्रिटनमध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या टीमने तिथे आलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, सहा महिन्यांच्या आत आलेली मुलं बहुतेक छान सावरली, त्याहून जास्त काळ अनाथालयात काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अडचणी मात्र मोठेपणीही टिकल्या. रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, 2000 पासून 136 मुलांवर झालेल्या अभ्यासातही साधारण तेच दिसलं, मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत घरात गेलं तर जोडलं जाणं पुष्कळ सोपं.

ह्या सगळ्यातून जी एक गोष्ट बाहेर आली ती सणाच्या घरात सगळ्यात जास्त फसवते. संस्थेतून आलेली काही मुलं कोणाहीकडे जातात. म्हणजे बघा, हॉलमध्ये वीस माणसं आहेत, तीन वर्षांची मुलगी एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जातेय, अनोळखी काकांच्या गळ्यात हात टाकतेय, आणि सगळे म्हणतायत किती लाघवी, किती लवकर रुळली! आणि कोपऱ्यात तिची आई गप्प उभी आहे, कारण मुलीने दिवसभरात एकदाही वळून तिच्याकडे पाहिलेलं नाही. संस्थेत सांभाळणाऱ्यांची ड्युटी बदलली की माणूसच बदलतो हे जिने पाहिलंय तिच्यासाठी सगळीच मोठी माणसं सारखी असतात, जो समोर आहे त्याला खूश ठेवायचं. ती रुळलेली नसते, ती सवय असते. पहिले काही महिने उचलून घेणं, भरवणं, झोपवणं फक्त आईबाबांनीच करावं असं सांगतात ते ह्याच्यासाठी.

गिफ्टचंही तसंच आहे. अनाथालयात सण म्हणजे बऱ्याचदा देणगीदार येणार, रांगेत उभं राहायचं, गाणं म्हणायचं, खेळणं घ्यायचं, फोटो काढायचा, आणि पाहुणे गेले की खेळणी कपाटात. अशा मुलाच्या हातात रंगीत कागदातला बॉक्स दिला आणि ते तो उघडतच नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरून टेबलाखाली बसून राहतं, तर ते हट्टी नाहीये. उघडलं की कोणीतरी काढून घेणार हे त्याला पाठ आहे. ताटातलं खिशात भरणारी आणि रात्री उशीखाली ठेवणारी मुलंही असतात, सणाच्या दिवशी टेबल भरलेलं असूनही, किंबहुना भरलेलं असतं म्हणूनच.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. 1984 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, 1993 मध्ये परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करार झाला आणि मूल आधी आपल्याच देशात वाढवता येतं का ते बघायचं हे तत्त्व त्यात लिहिलं गेलं. आकडे तरी 2004 पर्यंत चढतच गेले, त्या वर्षी जगभरात साधारण 45 हजार मुलं गेली, मग घसरण सुरू झाली. एकट्या चीनमधून 1992 नंतर दीड लाखाहून जास्त मुलं गेली आणि 2024 मध्ये चीननेही परदेशी दत्तक जवळपास बंद केलं. घरांसाठी ह्याचा अर्थ असा की आता जी थोडी मुलं येतात ती बहुतेक मोठी असतात, तान्ही नाही. त्यांना मागचा सण आठवतो, कोणासोबत होता तेही आठवतं.

आणि ज्यांना आठवत नाही त्यांचं काय? मला ह्यात सगळ्यात जास्त हलवणारा अभ्यास 2014 चा आहे. कॅनडात साधारण वर्षाच्या वयात चीनमधून आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या 9 ते 17 वर्षांच्या मुलींना चिनी भाषेतले टोन, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकवले, त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण मेंदूने प्रतिसाद दिला तो चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच. पाटी कोरी नव्हतीच. म्हणून मूल घरी आलं त्या दिवसाचा वाढदिवसासारखा सोहळा करायची जी पद्धत चीनहून मुली आणणाऱ्या घरांमध्ये पसरली होती ती आता बरीच घरं शांतपणे करतात किंवा मुलाला विचारून करतात, कारण आईबाबांना ज्या दिवशी मूल मिळालं त्याच दिवशी मुलाचं ओळखीचं सगळं सुटलेलं असतं.

मार्च 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मान्य केलं की दत्तकाच्या कागदपत्रांमध्ये फेरफार झाले होते, आईवडील जिवंत असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली होती. त्यातली कित्येक जणं आज पन्नाशी-साठीत आहेत, त्यांच्या घरी स्वतःची नातवंडं आहेत. सण आणि वाढदिवस ह्या दोन दिवशी जन्म देणारी आई सगळ्यात जास्त आठवते असं ह्या पिढीतले खूप लोक सांगतात, आणि आता नवीन आईबाबांसमोर बसून पहिला सण छोटा ठेवा म्हणणाऱ्यांमध्ये तेही आहेत.