नेबिओलो: वाईन कुठल्या सालची ते बघून का घ्यावी लागते?

बारोलो ही इटालियन लाल वाईन पहिल्यांदा पेल्यात ओतली की माणूस फसतो. रंग फिका, पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखा. सौम्य असेल म्हणून घोट घ्यावा, तर कच्चं जांभूळ चावल्यासारख्या हिरड्या आवळतात.

हा तुरटपणा नेबिओलो द्राक्षाचा. इटलीच्या वायव्येला, पिएमोंतेतल्या आल्बाभोवतीच्या लांगे टेकड्यांवर हे द्राक्ष पिकतं. बारोलो आणि बार्बारेस्को या तिथल्या दोन नामांकित वाईन. वेल फुटते लवकर, पण फळ पिकायला ऑक्टोबर उजाडायचा. तेव्हा टेकड्यांवर धुकं उतरतं. धुक्याला इटालियनमध्ये नेब्बिया म्हणतात, नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण सांगतात. फळ इतके दिवस वेलीवर, म्हणजे गारा आणि काढणीच्या तोंडावरचा पाऊस यांच्याशी गाठ ठरलेली. सालाचा, म्हणजे द्राक्षं कुठल्या वर्षी पिकली त्याचा, एवढा बोलबाला त्यामुळेच. २००२ साली पाऊस-गारांनी अशी दैना केली की अनेकांनी बारोलो बाटलीत भरलीच नाही. तरी जाकोमो कोंतेर्नो या घराण्याने त्याच सालची मोन्फोर्तिनो ही आपली खास बारोलो काढली आणि ती पुढे नावाजली गेली. कुठलं साल चांगलं, कुठलं वाईट हे सांगणाऱ्या तक्त्यांवर डोळे झाकून विसंबणाऱ्यांना हे ऐकवायला हवं!

१९९६ आणि १९९७ची जोडी तर बोलकी. सत्त्याण्णवचा उन्हाळा कडक. वाईन रसाळ, लगेच पिता येणारी, बाजारात आली तीच वाहवा घेऊन. शहाण्णवची ताठ, आंबट, तुरट. वर्षं गेली तशी पारखी मंडळी शहाण्णवकडे वळली. मुरताना तुरट अंश एकमेकांना जोडले जाऊन जड होतात, काही गाळ बनून तळाशी बसतात. कडेचा लाल रंग विटकरी होतो. गुलाब आणि डांबराच्या वासात सुकी पानं, अळंबी मिसळतात. आंबटपणा कमी असेल तर हे सगळं होईस्तोवर वाईनचा जीव टिकत नाही.

एवढी वाट पाहायची कुणी? कायद्याने बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. जुने लोक मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवत. वाईन लवकर पिण्याजोगी व्हावी म्हणून १९८३ मध्ये एलिओ आल्तारे या बारोलो करणाऱ्या तरुणाने वडिलांची जुनी पिंपं चक्क यांत्रिक करवतीने कापली आणि छोटी फ्रेंच पिंपं आणली. वडिलांनी त्याला वारसातून वगळलं. दुसरीकडे बारोलो करणारे बार्तोलो मास्कारेल्लो जुनी रीत शेवटपर्यंत सोडेनात. म्हणून त्या काळातली बाटली घेताना सालाइतकंच ती कुणाच्या तळघरातली, हेही विचारावं.

आता हवाच बदलली. बर्फ सगळ्यात आधी वितळतं त्या दक्षिणेकडच्या उताराला तिथे सोरी म्हणतात. फळ पिकेल की नाही या धास्तीपायी अशाच जागा धरल्या जायच्या. आज उन्हाने घड करपू नयेत म्हणून तिथले शेतकरी वेलीवरची पानं राखून ठेवतात.