म्हशीएवढा उंदीर माणसं खायचा?

"पूर्वी म्हशीएवढे उंदीर होते, माणसं खायचे" हा फॉरवर्ड आमच्या गोव्यातल्या फॅमिली ग्रुपांवर कितीतरी वर्षं फिरतोय. प्राणी खरा होता, उरुग्वेत १९८७ साली त्याची ५३ सेंटीमीटरची कवटी मिळाली, पण तो गिनीपिगच्या गोतावळ्यातला आणि २० ते ४० लाख वर्षांपूर्वीचा, तेव्हा दक्षिण अमेरिकेत माणूसच नव्हता. दात बघा ना, पुढे पटाशीसारखे कुरतडायचे, मग मोकळी जागा, मागे दळायच्या दाढा, मांस फाडणारे सुळे नाहीतच! कुळागरात, म्हणजे आमच्याकडच्या नारळ-सुपारीच्या बागेत, उंदराने पोखरलेला नारळ उचलून बघा, भोकाच्या कडेला बारीक चर दिसतात, ते असल्याच पुढच्या दातांचे. वजन मात्र कवटीवरून काढलेला अंदाज आहे, कोणी १ टन म्हणतं, कोणी त्याच्या निम्मं.