शाळेतून घरी पाठवलं, पण पुढे काय?

लालबागच्या आमच्या चाळीत एका खोलीत खरूज शिरली की महिन्या-दोन महिन्यांत अख्खा मजला खाजवत बसायचा. शाळेत बाई बोटांच्या बेचक्या बघून "बरी झालीस की ये" म्हणत घरी पाठवायच्या, आणि घरी येऊन मी गॅलरीत खेळायचे ती त्याच वर्गातल्या पोरींबरोबर, मग सुट्टी देऊन फायदा काय झाला?

१९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांत हेच चालू होतं. खुपऱ्या, नायटा, खरूज, उवा, काहीही दिसलं की डॉक्टर मुलाला घरी पाठवायचे, पण औषध लावणार कोण? लिलियन वाल्ड नावाच्या नर्सने सांगितलं, माझी एक नर्स महिनाभर घेऊन बघा. ती नर्स म्हणजे लीना रॉजर्स, तिच्याकडे चार शाळा. ती शाळेतच औषध लावायची आणि नंतर घरी जाऊन आईला सगळं समजावून सांगायची. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलं घरी पाठवली होती, वर्षभराने त्याच महिन्यात फक्त १,१०१!

घरी जाणं एवढं महत्त्वाचं का, ते खरजेवरून लगेच कळतं. हिचा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो, आणि खाज म्हणजे आपल्या शरीराला आलेली त्याची ॲलर्जी, ती पहिल्या वेळी सुरू व्हायलाच ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे एक पोर खाजवायला लागेपर्यंत शेजारी झोपणाऱ्या भावंडांना लागण होऊन गेलेली असते, त्यांना अजून पत्ताच नसतो. म्हणून औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावायचं, चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे. नुसत्या एका पोराला औषध लावून काही होत नाही.

वाल्डबाईंना हे वस्तीनेच शिकवलं. १८९३ मध्ये त्या गरीब वस्तीत आजाऱ्याची काळजी कशी घ्यायची याचा क्लास घेत होत्या, तिथे एक छोटी मुलगी त्यांना बोलवायला आली, आई बाळंत होऊन रक्तस्राव होत होता आणि पैसे नाहीत म्हणून डॉक्टर सोडून गेलेला. त्या तशाच तिच्या मागून गेल्या, आणि पुढे मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीबरोबर त्याच वस्तीत राहायलाच गेल्या. १८९५ पासून हेन्री स्ट्रीटवर त्यांचं बिऱ्हाड. इमारती एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे त्यांच्या नर्सेस जिने चढ-उतार न करता गच्चीवरून गच्चीवर जायच्या, हातात बॅग घेऊन! 'पब्लिक हेल्थ नर्स' हा शब्दही वाल्डबाईंचाच.

त्याच सुमारास, १८९६ पासून, आपल्या मुंबईत प्लेग होता. तपासणी पथकं घरात घुसायची, माणूस उचलून न्यायची, आणि लोक घाबरून पेशंट लपवायचे. आजार तर घराघरातच होता, पण दार कोणासाठी उघडायचं हे शेवटी लोकच ठरवतात ना.

आता आमच्याकडे पालिकेची आरोग्यसेविका येते, पोलिओच्या वेळी दारावर खडूने खूण करून जाते, तिला सगळे ताई म्हणतात. परवा शेजारच्या बाळाच्या तळहातावर पुरळ दिसलं तर तिने औषधाचं नंतर बोलू म्हटलं, आधी विचारलं, "बाळ रात्री कोणाच्या कुशीत झोपतं गं?"